मूक केलेला फोन

“फोन-बिन सब बंद,” दर्भ झटकत वेणीमाधव गुरुजींनी बजावलं. “परवा एका यजमानांच्या खिशात ऐन पिंडदानात लग्नाचं गाणं सुरू झालं. गंगाजीला पण हसू आलं असेल.”

राजा घाटाच्या पायरीवर समोर बसलेली सुमेधा फोन हातात धरूनच राहिली. नांदेडहून ती वडिलांचं श्राद्ध करायला आली होती. “गुरुजी, माझ्या भावाला ऐकायचंय. अनिश मस्कतला असतो, रजा नाही मिळाली त्याला. नुसता बाजूला ठेवते.”

“ताई, कानाने श्राद्ध होत नाही. हा बघा, माझाही मूक केला.” त्यांनी फोन दाखवून झोळीत टाकला. “गाडी आधीच लेट आली तुमची. चला, जल्दी करा.”

सुमेधाने फोन बंद केला.

भात कोरडा झाला होता. रत्नाकररावांचा पिंड लेकीच्या हातात तडकू लागला, तशी गुरुजींनी तिच्या ओंजळीखाली आपले दोन्ही हात धरले. गोत्र उच्चारलं. आता नाव घेणार, तोच झोळीतून बाईचा खणखणीत आवाज आला.

“अहो, अकरा वाजले! माझी सुई!”

हात सोडावे तर पिंड फुटणार. गुरुजी जागच्या जागी थिजले.

“अहो, अकरा वाजले! माझी सुई! ऐकताय ना?”

नावेतला मल्लाह खिदळला. “पंडितजी, घर से बुलावा आ गयल!”

पत्नीचा आवाज भरून हा गजर लावून देताना नात मुक्ता म्हणाली होती, “आजोबा, सायलेंटमध्ये कॉल वाजत नाही, पर अलार्म बजेगा ही. नाहीतर आजीचं इन्सुलिन राहून जाईल ना!” त्यांना तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. रोज अकराला ते घरीच असत, त्यामुळे मूक फोनही वाजतो हे पुढे कधी आठवायची वेळच आली नाही.

पिंड कसाबसा दर्भावर टेकला. सुमेधाने हात धुतले आणि झोळीतून फोन काढला.

“आधी घरी जाऊन या गुरुजी. मी थांबते. काकूंची सुई चुकायला नको.”

गुरुजी बोटांना चिकटलेली शितं एकेक करून काढू लागले. “त्या गेल्या,” ते म्हणाले. “चैत्रात वर्ष झालं.”

सुमेधाने पडद्याकडे पाहिलं. “बंद की दहा मिनिटांनी, असं विचारतोय. कायमचा बंद करू?”

याच पायरीवर किती यजमानांना त्यांनी सांगितलं होतं, गेलेल्याला मोकळं करा, मागे ओढू नका. आता त्यांना मान वर करवेना.

“दहा मिनिटांनी,” ते पुटपुटले. मग तसंच खाली बघत म्हणाले, “भावाला लावा.”

पहिल्याच घंटीला अनिशने उचलला. केस ओले, खांद्यावर उपरणं, पुढ्यात वाटीभर तीळ.

“झालं का गं ताई सगळं?”

“नाही,” गुरुजीच बोलले. “नाव घ्यायचं राहिलंय. पहिल्यापासून सांगतो. तुम्हीही म्हणा माझ्यामागून.”

तिलांजलीपाशी आले आणि झोळी पुन्हा बोलू लागली. “अहो, अकरा वाजले...”

पडद्यावर अनिश दचकला. सुमेधाने झोळीकडे हात नेला, तसं गुरुजींनी मानेनेच नको म्हटलं. आवाज आपोआप थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी तांब्या उचलला आणि तिच्या ओंजळीत पाणी सोडलं.