आईच्या टेबलावरची अंडी

आई गेल्याला शंभर दिवस झाले, त्या सकाळी मी विहारात भिक्षूंना जेवण दिलं आणि दुपारी नेहमीसारखी कॉलेजात कामावर आले. ग्रंथालयातल्या माझ्या खिडकीतून प्रयोगशाळेची मागची बाजू दिसते; चिंचेचं झाड आणि त्याखाली सिमेंटचा बाक. आईने एकोणतीस वर्षं ती रसायनांची प्रयोगशाळा सांभाळली. त्यातली शेवटची अकरा वर्षं आम्ही दोघी दुपारी त्या बाकावर जेवलो. ती दारात एप्रन उतरवायची, चपला बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच चिकट भाताची टोपली उघडायची. मी भुकेने कावलेली असायचे. "तुझी पुस्तकं चावत नाहीत," ती म्हणायची.

आता मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, नोंदवह्यांच्या कपाटासमोर बसून जेवते.

आई गेली ती घरी, दोरीवर कपडे वाळत घालताना. इतकी वर्षं आम्लं, ज्योती आणि काचांमध्ये वावरून तिला कधी साधा ओरखडाही आला नव्हता. हे सगळ्या कॉलेजाला ठाऊक होतं, आणि पुढचं जे झालं ते त्यातूनच झालं.

विभागप्रमुख विरोत सर, आमच्याकडे आचान विरोत, यांचा निरोप आला, की आईच्या जागी नवीन बाई सोमवारी रुजू होताहेत, तेव्हा पा सोईच्या वस्तू घेऊन जा. आईला मुलं पा सोई म्हणत, म्हणजे सोई मावशी. मी गेले. दाराशी चपला काढताना पहिल्यांदा दिसले ते चष्मे. डोळ्यांवर घालायचे ते जाड चष्मे आई प्रत्येकाच्या हातात स्वतः द्यायची. ते सगळे खुंट्यांवर टांगलेले होते आणि त्यांच्यावर धूळ बसली होती. आत दहा-बारा मुलं काम करत होती. एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता.

खिडकीजवळ आईचं वजनाचं टेबल. त्यावर तराजूशेजारी तिचा फोटो ठेवला होता, त्याला मोगऱ्याचा हार होता, आणि समोर तबकात स्ट्रॉ घातलेली गार काळी कॉफी आणि उकडलेल्या अंड्यांची रास. तिला कॉफी तशीच लागायची, भरपूर साखर घालून. खरं सांगते, मला बरं वाटलं. दिवस मोजणारी मी एकटीच आहे असं मी धरून चालले होते.

तांगमो नावाची तिसऱ्या वर्षाची मुलगी पुढे आली, हात जोडले आणि सगळं सांगू लागली. आईच्या अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात एकीच्या हातून आम्लाची बाटली पडली, घरंगळत गेली, पण फुटली नाही. नवस फेडताना वाहतात तशी तिने आईला अंडी वाहिली. तेव्हापासून दर प्रात्यक्षिकाआधी कोणी ना कोणी वाहतं. "पा सोई होती तेव्हा दर सत्राला दोघं-तिघं तरी भाजायची, पी नुअन. आता एक पण नाही." पी म्हणजे ताई, आणि नुअन मी.

मी चष्म्यांचं विचारलं. ते घातले की आतून वाफ धरते, काही दिसत नाही, असं ती म्हणाली. आणि पा सोईचं लक्ष आहेच की.

"जिवंत होती तेव्हा ओरडायची," मागून एक मुलगा म्हणाला. "आता नुसती बघते. आता बरी आहे."

सगळे हसले. मीही हसले, आईलाही ते आवडलं असतं.

मग तांगमोने आईच्या फोटोसमोर हात जोडून, घरी करतात तसं, वाहिलेलं परत मागून घेतलं. असं मागून घेतलेलं खायचं असतं, त्यात आशीर्वाद असतो. मी मुलगी म्हणून पहिलं अंडं मला. तिने ते सोलून माझ्या तळहातावर ठेवलं. पांढऱ्यावर नारिंगी बोट उमटलं होतं.

तराजूभोवती नारिंगी कण सांडले होते. तिथे तोलायच्या त्या रासायनिक मिठाबद्दल आई मला अनेकदा बोलली होती. दिसायला सुंदर, आणि पोटात गेलं तर विष. प्रत्येक वजनानंतर ती ते टेबल ओल्या फडक्याने पुनःपुन्हा पुसायची. तांगमोने स्वतःचं अंडं तोंडापाशी नेलं होतं.

मी तिचं मनगट धरलं. "खाली ठेव."

"ताजी आहेत, पी. सकाळीच उकडलीत."

"ते राहू दे. तुझी बोटं बघ."

तिने बोटं पाहिली, मग अंडं, मग टेबल. मग हळूच म्हणाली, "पण हे तिला वाहिलेलं आहे. याने कसं काही होईल?"

"पोट चपलांच्या फळीवर ठेवून आत यायचं," मी म्हणाले. आईचं वाक्य, आईच्याच सुरात. मागे कोणीतरी ताठ उभं राहिलं.

अंडी मी झाकणाच्या कचरापेटीत टाकली. खाणं नको, पण फोटो राहू द्या, असं तांगमो म्हणाली. तो राहावा असं मलाही फार वाटत होतं. घर सोडून तिचा फोटो जगात तेवढ्या एकाच ठिकाणी होता. पण आई तिथून बघत असेतो कोणाचा हात चष्म्याच्या खुंटीकडे जाणार नव्हता. मी फोटो उचलला. वाहायचंच असेल तर बाहेर, चिंचेखालच्या बाकावर वाहा, आणि आधी कोपरापर्यंत हात धुवा, असं त्यांना सांगितलं. सगळे हो म्हणाले. आधी ज्यांनी अंडी खाल्ली होती त्यांची नावं आचान विरोतांना दिली. त्यांनी त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. कोणाला काही झालं नव्हतं.

पुढच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी जरा आधीच जेवायला निघाले. प्रयोगशाळेच्या दारात नवीन बाई खांबासारख्या उभ्या होत्या. त्यांच्यामागच्या खुंट्या रिकाम्या होत्या.

बाकावर काही नव्हतं. असेल असं मला वाटलं होतं.

मी नळावर कोपरापर्यंत हात धुतले, सकाळपासून पुस्तकांखेरीज कशाला हात लावला नसूनही. येताना आणलेली कॉफी बाकावर आई बसायची त्या बाजूला ठेवली. थोडं थांबले, मग ती मागून घेतली. तोवर कॉफीतला बर्फ विरघळला होता. वर प्रयोगशाळेच्या खिडकीत कोणीतरी येऊन उभं राहिलं. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती; कोण ते कळलं नाही, आणि त्यालाही मी दिसत असेन असं वाटत नाही.