वाकडा दात

तिने सुरी दिव्याच्या ज्योतीवर धरली, तापलेलं टोक टेबलावरच्या अर्धवट कवळीच्या मेणाच्या हिरडीत हलकेच घातलं आणि शेजारच्या दातावर चढलेला पुढचा दात सरळ करून टाकला. बाबांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. एवढी मदत तरी करावी, असं तिला वाटलं.

बाबा जन्मभर कवळ्या करत आले आणि जन्मभर त्या धंद्याच्या नावाने खडे फोडत आले. मामांनी आणून बसवलं म्हणून बसलो, हे त्यांचं ठरलेलं पालुपद. विमा कंपनीतली आपली नोकरी आता सोसवत नाही, सोमवारी बढतीला होकार देण्याऐवजी राजीनामाच द्यावासा वाटतो, हे सांगायला ती आली होती. जेवताना तिने कसंबसं सांगितलं, तर त्यांनी मान वर न करता उडवून लावलं होतं.

"आवडबिवड सगळी थेरं आहेत. गुपचूप बढती घे."

हात पुसत बाबा कामाच्या खोलीत आले आणि टेबलापाशी थबकले.

"याला हात कुणी लावला?"

"मी. वाकडा बसला होता."

"वाकडाच होता तो! ज्या बाईची ही कवळी, तिचा होताच वाकडा!"

त्यांनी खणातून एक जुना फोटो काढून तिच्यापुढे आपटला. एक तरुण बाई तोंडभर हसत होती आणि तिचा पुढचा दात शेजारच्यावर ऐटीत चढून बसला होता.

"दातांचे डॉक्टर म्हणतात, सरळ लावा आणि मोकळे व्हा. सरळ काय, कुणीही लावेल. पण आरशात बघितल्यावर त्या बाईला स्वतःची ओळख पटायला नको?"

बोलता बोलता ते बसलेसुद्धा. मेण तापवून त्यांनी दात फिरवला, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा केसभर फिरवला. बसमध्येही आपण लोकांचे दातच बघतो, एकदा एका गृहस्थांनी त्यावरून चांगलंच झापलं होतं, हे सांगताना ते खुदकन हसले. इतकं खुश तिने त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं. तिचं डोकं भणभणलं.

"मग मला का खोटं सांगितलंत?"

"काय खोटं?"

"लहानपणी इथे येऊन बसले की हाकलून द्यायचात. म्हणायचात, आवड बघू नकोस, पगार बघ. बघितला मी पगार! आणि तुम्ही इथे बसून..." तिला रडूही येत होतं आणि त्या रडण्याचा रागही येत होता.

बाबा गोंधळून तिच्याकडे बघत राहिले.

"अगं, खोटं कुठे? मला खरंच आवड नव्हती. पहिली काही वर्षं तर या मेणाच्या वासाने जेवण जात नव्हतं. मग केव्हातरी लागली गोडी, माझं मलाच कळलं नाही." त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "सगळ्यांचं तसंच होतं ना?"

"कसं?"

"म्हणजे, माणसाला कुठल्याही कामाला बसवा, हळूहळू जीव रमतोच त्यात. वरवर कुरकुर करायची, ती सगळेच करतात. म्हणून तर म्हणायचो, कुठेही चिकट. तुझंही तसंच असणार, असं धरून चाललो होतो मी."

भांडायला म्हणून तिने जे जे मनात जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं.

"नाही रमला जीव, बाबा," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही."

घरातल्या कुणाचं तरी लपवलेलं दुखणं आत्ताच कळावं, तसा त्यांचा चेहरा उतरला. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"मग इतकी वर्षं दिवसभर तू तिथे करतेस तरी काय गं?"