कोर्वेइराच्या शाळेचं कुलूप

मी एक पितळी कुलूप. माझी कडी कापलेली आहे आणि किल्लीच्या भोकात गोंद वाळून दगड झालाय. आता मी उघडतही नाही आणि लागतही नाही. पण जे पाहिलं ते मनात तसंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. अंग ओतीव पितळेचं, कडी पोलादाची. पुढे दोन वर्षं मी एका हार्डवेअरच्या दुकानात पुठ्ठ्याला टांगलेला होतो, समोर उंदरांचे सापळे. मग एक दिवस डोंगरातल्या कोर्वेइरा गावाच्या कारकुनाने मला विकत घेतलं. गावची शाळा बंद पडली होती. शेवटच्या वर्षी चार मुलं उरली होती, तीही तालुक्याच्या शाळेत गेली. रिकाम्या शाळेच्या दाराला कुलूप हवं होतं, ते मी.

माझ्याबरोबर बनलेली भावंडं रोज सकाळी उघडत असतील, रोज संध्याकाळी लागत असतील. माझं नशीब निराळं. मी फक्त निवडणुकीच्या दिवशी उघडायचो, कारण गावचं मतदान त्या शाळेत होई.

किल्ली दोना इदालिनाकडे, म्हणजे इदालिनाबाईंकडे, असायची. एकतीस वर्षं त्या शाळेत तिने झाडलोट केली होती. शाळा गेली, पगार गेला, तरी माझी किल्ली कारकुनाने तिच्याच हाती दिली आणि परत कुणी मागितली नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी ती बाटलीतून ऑलिव्हच्या तेलाचे दोन थेंब माझ्या पोटात सोडायची आणि म्हणायची, "उद्या लाज काढू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती यायची. अंगात काळा कोट, पायात ठेवणीतले बूट, आणि हाताला धरून भावजय ग्रासिएत. दोघी मिळून खिडक्या उघडायच्या, बाकांवरची धूळ पुसायच्या. आठ वाजता पेटी मांडली की पहिलं मत कुणाचं यावरून दोघींची ढकलाढकली चालायची.

मी दाराच्या कोयंड्याला लटकून माणसं बघायचो. चर्चमधून परस्पर येणारे पुरुष दारात आल्यावर उगाच घसा साफ करायचे. कॉफीच्या दुकानात सरकारच्या नावाने ओरडणारा माणूस आत जाताना कसा मऊ व्हायचा! कागदाची चौघडी करून पेटीत टाकली की बाहेर येऊन सगळे आधी आभाळाकडे बघायचे. कुणी कुणाला मत दिलं हे गावाला साधारण ठाऊक असे, पण पुरावा कुणाकडेच नसे.

इदालिना मतपेटीवर बसणाऱ्या मंडळींना दर वेळी तीच गोष्ट सांगायची. हुकूमशाही गेल्यावर पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये, पहिलं खरं मतदान झालं. तिची आई काळी शाल पांघरून पहाटेपासून रांगेत उभी होती. पाय सुजले तरी बसली नाही. 'बसले तर नंबर जाईल' म्हणाली. रांग पार नदीच्या पुलापर्यंत गेली होती.

माझ्या काळात रांग नव्हतीच. दर वेळी यादीतली नावं कमी होत गेली. तरुण फ्रान्सला, लक्झेंबर्गला गेले, म्हातारे दफनभूमीत. शेवटी यादीत एकशे चाळीस नावं उरली.

मग पुलाला तडा गेला. तालुक्याच्या लोकांनी येऊन दोन्ही टोकांना सिमेंटचे ठोकळे टाकले आणि पाटी लावली, 'तात्पुरता बंद'. ती पाटी चार वर्षं झाली तशीच आहे. सहा किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव एकतीस किलोमीटरवर गेलं.

एका फेब्रुवारीत ग्रासिएतच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका डोंगराला वळसा घालून आली आणि तोच वळसा घालून परत निघाली. चेस्टनटच्या बागेपाशी ग्रासिएतने प्राण सोडला. तिचा नवरा देल्फीम तिचा हात धरून बसला होता.

देल्फीम म्हणजे इदालिनाचा धाकटा भाऊ. गवंडी होता, आता वय बहात्तर. त्याने पुलासाठी कचेऱ्यांना तीन पत्रं लिहिली. तिन्ही उत्तरं सारखीच आली, फक्त तारखा वेगळ्या. त्यानंतर संसदेची निवडणूक जाहीर झाली. कॉफीच्या दुकानात सगळा गाव जमला आणि ठरलं की कोर्वेइरा मत देणार नाही. एकही नाही. देल्फीमने स्वतःच्या हाताने काळ्या कापडावर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'पूल नाही, तर मत नाही.'

इदालिनाही त्या बैठकीला गेली होती. ती काहीच बोलली नाही. लोकांनी तिचं गप्प राहणं म्हणजे होकार धरला.

शनिवारी तिने मला नेहमीसारखं तेल दिलं. दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात, देल्फीम आला. हातात गोंदाची नळी होती. त्याने इकडेतिकडे पाहिलंही नाही. भोकात नळी खुपसून तो दाबत राहिला. माझ्या पोटात ते थंड, चिकट काहीतरी भरत गेलं आणि तेलाच्या वासावर चढून बसलं. समोरच्या गॅलरीत दोन बायका कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पाठ फिरवली.

रविवारी सातला इदालिना आली, एकटीच. किल्ली आत जाईना. तिने वाकून पाहिलं, बोट लावलं आणि तशीच उभी राहिली. फाटकाशी तिचा भाऊ उभा होता, त्याच्या मागे निम्मा गाव.

"देल्फीम, हे तू केलंस?"

"गावाने केलं."

"गाव गोंद विकत घेत नाही. तू घेतोस."

"ताई, घरी जा. आज इथे काही उघडायचं नाही."

"मी आजवर एकही मत चुकवलेलं नाही. मला ताप होता तेव्हाही आले होते."

"आणि काय मिळालं? सांग ना! ग्रासिएतला काय मिळालं? तिची तरी आठवण ठेव."

इदालिनाचा आवाज चढला नाही. "ग्रासिएत असती तर माझ्या आधी आत घुसली असती. हे तुला माहीत आहे."

देल्फीमने फाटक घट्ट धरलं. मग तो म्हणाला, "तू आत गेलीस तर तू माझी कुणी नाहीस."

गावातले पाच जण मतपेटीवर बसायचे, पण त्यांनी यायला नकार दिला होता. म्हणून शेजारच्या गावातून दुसरे पाच जण पाठवलेले होते. त्यांची प्रमुख नोएमिया नावाची शिक्षिका होती. तिने फोन करून गार्डच्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या पोलीसदलाच्या, शिपायांना बोलावलं. सार्जंट केइरोश लांब दांड्यांची लोखंड कापायची कात्री घेऊन आला. इदालिनाने माझ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "दुसरा काही उपाय नाही?" सार्जंटने नकारार्थी मान हलवली. कात्री माझ्या कडीवर बसली. दुखलं का, असं विचाराल तर मला लाज जास्त वाटली. इतकी वर्षं किल्लीला ओळखून उघडलो, आणि शेवटी चोराने फोडावं तसा उघडला गेलो.

सार्जंटने मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. तिथून आतलंही दिसत होतं आणि बाहेरचंही.

सकाळ गेली, दुपार गेली. आत पाच जण, पेटी आणि कागदांचे गठ्ठे. बाहेर रस्त्यापलीकडे सगळा गाव. टीव्हीवाले आले. देल्फीमने कॅमेऱ्यासमोर पुलाची सगळी हकीकत सांगितली. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. गावाची छाती फुगली. कुणीतरी त्याच्या हातात वाइनचा पेला दिला, दुसऱ्याने मक्याचा पाव आणि सॉसेज.

इदालिना शाळेच्या पायरीवर बसून होती. ना आत जाई, ना घरी. तिला कुणी पावाचा तुकडाही विचारला नाही.

सहा वाजता नोएमिया बाहेर आली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसली. देल्फीम तेव्हा फाटकाला टेकून उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"दोना इदालिना, एक सांगते, रागावू नका. अजून एकही मत पडलेलं नाही. तुम्ही दिलंत तर तुमचंच एक असेल. सात वाजता मतदान संपलं की आम्हाला मोजून निकालाचा कागद दारावर लावावाच लागतो. ते मत कुठल्या पक्षाला पडलं ते गाव वाचेल."

इदालिनाने बुटांवरची धूळ हाताने पुसली. "म्हणजे माझं मत गुप्त राहणार नाही."

"नाही राहणार."

गावाचा राग सत्तेतल्या पक्षावर होता आणि इदालिना आयुष्यभर त्याच पक्षाला मत देत आली, अशी गावात कुजबुज होती. तिलाही ती ठाऊक होती.

"आई पाय सुजेपर्यंत उभी राहिली," ती स्वतःशीच म्हणाली. पावणेसातला ती उठली, कोट झटकला आणि आत गेली. ओळखपत्र दाखवलं, पडद्यामागे गेली, कागदाची चौघडी करून पेटीत टाकली. बाहेर आली तेव्हा रस्त्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, "किती मिळाले, म्हातारे?" ती मागच्या गल्लीने घरी निघून गेली. आभाळाकडे बघायची विसरली.

सातला तीन मिनिटं होती. देल्फीम फाटकापासून दूर झाला. मला वाटलं, हा आता घरी जाईल. पण तो अंगण ओलांडून पायऱ्या चढू लागला.

"देल्फीम! कुठे चाललास?" गावाने हाक मारली. तो थांबला नाही. मागे दबका गलका उठला, मग शिव्या. त्याने ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. नोएमियाने त्याचं नाव मोठ्याने वाचलं, तो पडद्यामागे गेला आणि कागदाची चौघडी करून पेटीत टाकली.

निकालाचा कागद दारावर लागला. दोन मतं. एक सत्तेतल्या पक्षाला, एक विरोधी पक्षाला. लोक टॉर्च धरून तो पुन्हापुन्हा वाचत होते. कुणी म्हणे, हे तिचं. कुणी म्हणे, छे, त्यांच्या घरात उलटंच असतं, ते त्याचं. वाद सुरू झाला आणि मिटला नाही. टीव्हीवाल्यांनी बातमी दिली की कोर्वेइराचा बहिष्कार पुकारणाऱ्यानेच मोडला. पुलाचा उल्लेख एका वाक्यात आटोपला.

सार्जंटने मला पुराव्याच्या पिशवीत घातलं.

दोन आठवड्यांनी त्याच्या टेबलावर मला पुन्हा बाहेर काढण्यात आलं. समोर बहीण-भाऊ बसले होते, मधे एक रिकामी खुर्ची सोडून. त्या रविवारपासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. देल्फीमच्या भिंतीवर कुणीतरी 'विकला गेला' असं रंगवलं होतं, आणि कॉफीच्या दुकानात तो शिरला की माणसं उठून जायची. हे तोच सांगत होता, तक्रार न करता.

सार्जंटने मला बोटाने पुढे सरकवलं. "गोंद कुणी भरला?"

"मला दिसत नाही नीट," इदालिना म्हणाली. "आणि कुलपात मुलं काय वाट्टेल ते भरतात. एकतीस वर्षं मी तेच काढत आले."

"गावात मुलंच नाहीत, दोना इदालिना."

"मी भरला," देल्फीम म्हणाला. "लिहून घ्या. ताईला घरी सोडा."

सार्जंटने लिहून घेतलं. मग लेखणी खाली ठेवली. "हे काही लिहिणार नाही, पण मला कळत नाही म्हणून विचारतो. बहिष्कार तुम्ही पुकारलात, दार तुम्ही बंद केलंत. मग मत का दिलंत?"

देल्फीमने हाताची बोटं मोडली. "एकच मत असतं तर ते तिचं म्हणून दारावर चिकटलं असतं. जन्मभर गाव तिला ते वाचून दाखवत राहिला असता."

इदालिना भावाकडे वळली. तिला हे माहीत नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं.

सार्जंट म्हणाला, "आणि तुमचंही त्याच पक्षाला पडलं असतं तर?"

"बहात्तर वर्षं हिच्याशी भांडतोय मी. ही जिथे फुली मारेल तिथे मी मारणार नाही, एवढं तरी मला कळतं."

"आणि या वेळी मी कुठे मारली, ते तुला काय माहीत?" इदालिना म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "गाढवा. सगळा गाव घालवलास."

"घालवला," तो म्हणाला.

ती उठली आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली.

देल्फीमचं प्रकरण कोर्टात गेलंय. मी सार्जंटच्या कपाटात आहे, अंगाला नंबराची चिठ्ठी बांधलेली. गार्डचे लोक बोलतात ते कानावर येतं. पुलावरचे ठोकळे हललेले नाहीत. सरकार पुन्हा पडलंय, पुन्हा मतदान येतंय. शाळेला माझ्या जागी नवं कुलूप लावलंय, त्याची किल्ली कारकुनाने इदालिनाकडे द्यायचं टाळलं. पण ती त्या दिवशी सातला जाणार, असं ती भर बाजारात बोलली म्हणे. देल्फीमही बरोबर असणार. बाकी गाव काय करणार, ते कुणालाच सांगता येत नाही.

मला आता कुणी दाराला लावणार नाही, त्याचं दुःख नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे काही मागावंसं वाटतं ते एवढंच. तुमच्या गावात भांडा, बहिष्कार घाला, पुलासाठी रस्त्यावर झोपा. पण त्या दिवशी पायरीवर एखादी बाई दिवसभर एकटी बसलेली दिसली, तर तिच्याशेजारी जाऊन बसा. मत देऊ नका हवं तर. पण बसा.