भाऊबंदांतला विषाणू

प्रयोगशाळेतल्या बाईंनी अगरच्या जेलीची बशी दिव्यासमोर तिरकी धरली आणि श्वास रोखून पाहिलं. मधल्या खड्ड्यात झाडं मारणाऱ्या जहाल विषाणूला ओळखणारं सीरम होतं. शेजारच्या दोन खड्ड्यांत, एकीकडे तोच जहाल विषाणू, दुसरीकडे ऑर्किडवाल्या काकांच्या झाडांच्या पानांचा रस. रात्रीतून दोन पांढऱ्या रेषा उमटून एकमेकींना मिळाल्या होत्या. पण जहाल विषाणूची रेषा तिथे थांबली नव्हती. तसूभर पुढे गेली होती.

"जमलं बरं का," बाई म्हणाल्या. ऐकायला फक्त फ्रीज होता. नवी यंत्रं नव्या इमारतीत गेली, त्यांच्यामागोमाग माणसंही गेली. या मजल्यावर बाई आणि त्यांच्या बशा तेवढ्या उरल्या.

काका आले ते टोपी हातात चुरगाळतच. बाईंनी त्यांना दिव्याजवळ बोलावलं.

"रेषा सरळ एकजीव झाल्या असत्या, तर तुमच्याकडे तोच जहाल विषाणू. पण हे टोक पुढे गेलंय ना? म्हणजे तो नव्हे. त्याच्या भाऊबंदांतला."

"सख्खा?"

"चुलत. आणि स्वभावानं गरीब. पानांवर डाग पाडतो, झाड मारत नाही."

"म्हणजे झाडं जाळायची नाहीत?"

"एकही नाही. आजारी कुंड्या वेगळ्या ठेवा, कात्री स्वच्छ ठेवा, झालं."

बाई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. अशी बातमी द्यायची वेळ त्यांच्यावर क्वचितच यायची. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि ते बशीवर वाकले.

"मुलीनं माझ्यासाठी खोली रंगवलीय," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून बोलावतेय. मी म्हणायचो, तुझ्या आईची झाडं कुणाच्या गळ्यात घालून येऊ? या खेपेला कळवून टाकलं, झाडं जाळावी लागणार, मग येतो कायमचा."

"कुणाला तरी देऊन टाका की."

"डाग पडलेली झाडं कोण घेतं, बाई?"

खिडकीबाहेर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती दोनदा खोकून गप्प झाली.

"हीच चाचणी पुन्हा एकदा लावून बघाल?"

"हेच येईल, काका."

"येऊ दे ना." काका स्टुलावर टेकले. "तोवर तरी मुलीला येत नाही असं कळवायला नको."

बाईंनी नवी बशी पुढे ओढली.