पहिला अर्धा तास

पाहुणा फ्रान्सहून येणार म्हटल्यावर मी केबिन रोडवरून नवा डिनर सेट आणला. मासळीवाल्या सरूबाईला आदल्या दिवशीच बजावलं, की रविवारी सुरमई नाही आणलीस तर पुन्हा माझ्या दारात उभी राहू नकोस. ती डोंगरीहून सकाळी आठलाच हजर. "ताजी हाय ताई, बर्फातली न्हाय," म्हणाली. थोडक्यात, माझी तयारी झाली होती. तयारी नव्हती ती आमच्या ह्यांची.

आमचे हे, म्हणजे उत्तम सुर्वे, हवाई दलात विमानांचे मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर आम्ही मीरा रोडला स्थायिक झालो. येणारा पाहुणा, लोराँ, त्याच कामातला. नऊ वर्षांपूर्वी दोन देशांचा संयुक्त सराव झाला, तेव्हाची ही ओळख. त्या सरावात एक दिवस असा ठेवला होता, की आपल्या माणसांनी त्यांची विमानं तपासायची आणि त्यांनी आपली. उद्या वेळ आली आणि कोणाचंही विमान कोणाच्याही तळावर उतरलं, तरी हात लावणारा माणूस मिळायला हवा, हा त्यामागचा विचार.

त्या दिवशी लोराँच्या पेटीतला एक बिट हरवला. बिट म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं पुढचं टोक, बोटाच्या पेराएवढं. आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं! पण ह्यांच्या धंद्यात एक हत्यार कमी भरलं, की ते सापडेपर्यंत एकही विमान उडत नाही. ते इंजिनात असलं तर? त्यामुळे दोन्ही देशांची विमानं चार तास जमिनीवर. शेवटी तो बिट एका ट्रॉलीच्या चाकाखाली सापडला, आणि सापडला कोणाला, तर आमच्या ह्यांना. त्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी हॉलमध्ये लावलं, आणि आलेल्यागेलेल्याला, हळदीकुंकवाच्या बायकांनासुद्धा, ही गोष्ट ऐकवली. कोणी विचारो न विचारो.

तर त्या रविवारी हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलत होते. दहा मिनिटांत तीन पाकळ्या.

"काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"मनू, तो बिट चाकाखाली नव्हता. माझ्या खिशात होता."

मी मिरचीचा हात तसाच धरून उभी राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. आपल्याकडे हत्यार घ्यायचं तर ते टांगलेल्या खिळ्यावर त्याच्या जागी आपल्या नावाचा पितळी बिल्ला अडकवायचा. बिल्ला दिसला की कळतं, हत्यार कोणाकडे आहे. त्यांच्याकडे बिल्ले नाहीत. पेटीत फोम, त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच, आणि पेटीची जबाबदारी एकाच माणसाची. लोराँ वर शिडीवर होता. ह्यांना विमानावरचं एक झाकण उघडायला बिट हवा होता, तो ह्यांनी पेटीतून उचलला. सवयीने बिल्ला काढला, पण अडकवायला खिळाच नाही. काम झाल्यावर बिल्ला आणि बिट दोन्ही एकाच खिशात गेले.

"आणि शेवटी शोधता शोधता खिशात हात गेला, तेव्हा कळलं," हे म्हणाले. "सगळे साहेब उभे होते. मी तो चाकाखाली टाकला आणि ओरडलो, सापडला म्हणून."

"आणि लोराँ?"

"तो सांगत होता, मी सकाळी मोजले, बारा होते, मी कोणाला दिला नाही. कोणी ऐकलं नाही. निष्काळजी म्हणून शेरा बसला. विमानावरून काढलं त्याला. आता तो वर्गात शिकवतो. इकडे आपल्याच लोकांचा वर्ग घ्यायला आलाय. आज त्याला सांगणार आहे मी."

मला राग आला, आणि खरं सांगते, तो आधी खोटेपणाचा नव्हता. हॉलमधल्या प्रशस्तिपत्राचा होता. नऊ वर्षं मी लोकांना काय सांगत आले!

"काही सांगू नका," मी म्हणाले. "माणूस हौसेने जेवायला येतोय. त्याच्या पानात हे वाढायचं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. नि उद्या हवाई दलातून चौकशी आली म्हणजे? झालं गेलं गंगेला मिळालं."

"त्याचं नाही मिळालं ना," हे म्हणाले आणि लसूण सोलायला लागले.

लोराँ साडेबाराला आला. उंच, अर्धे केस पिकलेले, हातात फुलं. मी हात जोडले तर त्यानेही जोडले, अगदी व्यवस्थित. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. हवाई दलाच्या कॉलन्यांमधून वीस वर्षं काढल्यावर मला ते बरंच कळतं, तर मी आपलं मराठीत सांगते.

माणूस गोड होता. सुरमई काटे बाजूला काढून निगुतीने खात होता. पण बसण्याआधी त्याने किल्ल्या, फोन, पाकीट असं तीनदा चाचपलं. मी बघतेय म्हटल्यावर लाजला. "माझी बायको म्हणते, मी तिलासुद्धा मोजतो," म्हणाला. "झोपण्याआधी गॅस तीनदा, दार तीनदा. त्या सरावापासून हे लागलंय. माझा माझ्या मोजणीवर विश्वासच राहिला नाही."

ह्यांनी घास खाली ठेवला.

"लोराँ, तो बिट माझ्या खिशात होता. तुझ्या पेटीतून मी घेतला, तुला न सांगता. मीच चाकाखाली टाकला."

लोराँ त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे सकाळी बारा होते?"

"बाराच होते."

"मी बरोबर मोजले होते?"

"बरोबर मोजले होतेस."

त्याचे डोळे भरले आणि तो हसायला लागला. टेबलावरून हात पुढे करून त्याने ह्यांचा हात धरला, खरकट्यासकट. "उत्तम, नऊ वर्षं मला वाटत होतं, मी त्या दिवशी मोजल्यासारखं केलं आणि मोजलंच नाही." मलाही भरून आलं. सकाळी मी मोडता घातला त्याची लाज वाटली. सुटलो बाई एकदाचे, म्हणून मी उठले आणि वाट्यांत सोलकढी ओतायला लागले.

लोराँ म्हणत होता, "तुझी अवस्था समजते मला. चार तास शोधलंस, शेवटी आपल्याच खिशात सापडला. कोणीही घाबरेल. मीसुद्धा तेच केलं असतं."

फक्त 'हो' म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सकाळी मला सांगितलंच होतं की तसं.

"शेवटी नाही," हे म्हणाले. "पहिल्या अर्ध्या तासातच कळलं होतं."

माझ्या हातातली सोलकढी वाटीबाहेर सांडली.

"बिल्ला शोधायला खिशात हात घातला, तर बिट लागला. तेवढ्यात आमचे साहेब तुमच्या साहेबांना सांगत होते, आमच्या माणसाकडून हत्यार हरवणं शक्य नाही. मी गप्प बसलो. म्हटलं, पाच मिनिटांनी सांगू. मग दहा. मग ते सांगण्यासारखं राहिलंच नाही."

"मी इंजिनाच्या तोंडात आडवा शिरून शोधत होतो," लोराँ म्हणाला. "तू बाहेरून टॉर्च धरला होतास."

"हो."

"माझी कोपरं सोलली होती."

"हो. मी पट्टी लावून दिली."

लोराँने आपला हात काढून घेतला. नॅपकिनने एकेक बोट पुसलं. आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. तो उठून गॅलरीत गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. आम्ही दोघं उष्ट्या हातांनी बसून. आमच्या ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

तो परत आला तेव्हा आवाज ऑफिसातला होता. "हे मला लिहून हवंय. माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तो शेरा अजून आहे. तुमच्या आणि माझ्या, दोघांच्या हवाई दलाला मी हे पाठवीन. अर्ध्या तासासकट."

"कागद आण, मनू," हे म्हणाले.

मी कागद आणला. ह्यांनी हात धुतले आणि जेवणाच्या टेबलावरच दोन पानं लिहिली, खाली नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर, सही. लोराँने सगळं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. तो खिसा त्याने एकदाच चाचपला. मला हात जोडून म्हणाला, "जेवण फार छान होतं." ह्यांच्याकडे त्याने एकदा बघितलं आणि तो निघाला. लिफ्टचं दार लागलं.

मी भांडी आवरायला घेतली ती आपटतच. हे मागे येऊन उभे राहिले.

"सकाळी मला अर्धवट का सांगितलंत?" मी विचारलं. "तीस वर्षांचा संसार आहे आपला. मला खोटं, आणि त्या परक्या माणसाला खरं?"

त्यांनी फडकं उचलून एक ताट पुसायला घेतलं.

"तुला सगळं सांगितलं असतं, तर तू चिडली असतीस," ते म्हणाले. "तासाभराने समजून घेतलं असतंस. मला बरं वाटलं असतं. आणि मग त्याला सांगायचं राहून गेलं असतं."

मी नळ सोडला. भांडायला तोंड उघडलं होतं, पण खोटं कशाला बोलू, मी समजून घेतलंच असतं.