वर तवा, खाली आच

भाकरीच्या टोपल्यात तीन भाकरी होत्या. एकच असायला हवी होती.

पंकजाचा हात टोपल्यावरच थांबला. सकाळी कामावर जाण्याआधी तिनंच त्या थापल्या होत्या. दोन सासूबाईंच्या दुपारच्या जेवणाला, आणि एक शिळी होऊन रात्री माझ्या बुडाशी अंथरायला. तिन्ही तशाच फडक्यात होत्या, वरचा पापुद्रा वाळून कडक झालेला.

"आत्या जेवल्या नाहीत की काय?" ती स्वतःशीच म्हणाली. सासूबाईंना ती आत्या म्हणते.

उत्तर मला ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते फक्त झाकण ठेवण्यापुरतं.

मी या घरातलं पातेलं. जर्मनचं, जाड बुडाचं, एका कानाला पोचा आलेलं. पाथर्डीच्या बाजारातून मला बायडाबाईंनी, म्हणजे पंकजाच्या सासूबाईंनी, आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आणलं. दुकानदारानं मला दगडावर आपटून दाखवलं होतं, "ताई, हे पातेलं तुमच्या सुनांनाही जेवू घालील." आपटून घ्यायला मला आवडलं नाही, पण माणूस खोटं बोलला नव्हता.

दिवाळी झाली की बायडाबाई आणि त्यांचे मालक ऊसतोडीला निघायचे. ट्रकमध्ये सगळ्यात वर मी, दोरीनं बांधलेलं. कारखान्याच्या फडाशेजारी उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहायची आणि तिच्यासमोर तीन दगडांवर मी. दिवसभर कोयता चालवून आलेल्या बाईला कालवण वेगळं, भात वेगळा असलं कुठून जमणार? ती शिळ्या भाकरीचे तुकडे माझ्या तळाशी घालायची. त्यावर भिजलेली डाळ, मिळेल तो पाला, मीठ-मिरची, शेंगदाण्याचं कूट. वर झाकण, आणि झाकणावर चुलीतले निखारे. खालून जाळ, वरून इंगळ. ती पोराला अंघोळ घालेपर्यंत जेवण तयार.

तेच पोर, अजिनाथ, पुढं सुप्याच्या एका कंपनीत लागलं. मग कोयता भिंतीला अडकला, मालक देवाघरी गेले, आणि आम्ही नागापूरला दोन खोल्यांत आलो. मी माळ्यावर चढलो. तिथं मी बरीच वर्षं धूळ खात होतो. खाली नवीन कुकर शिट्ट्या मारायचा आणि मी ऐकायचो.

मला खाली काढलं ते पंकजानं. ती बीएस्सी झालेली, इथल्याच एका कारखान्यात मालाची तपासणी करते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्यात जेमतेम एक भांडं चढवण्याइतका जीव उरलेला असतो. शिवाय कुकरची शिट्टी झाली की ती जागच्या जागी उडते. मोबाईलवर तिनं कुठंतरी एका भांड्यात थर लावून भाजलेला पदार्थ पाहिला.

"आत्या, याला कॅसरोल म्हणतात."

"कॅसरोल म्हंजी चपात्याचा डबा न्हवं?"

"तो डबा वेगळा. हे भाज्या, डाळ, भाकरी सगळं एकात. तेल कमी, तुमच्या शुगरला चांगलं."

बायडाबाई हसून हसून बेजार. "आगं माय, हे तर आमी फडावर जनमभर खाल्लं! फकस्त नाव ठिवायचं राह्यलं हुतं."

तेव्हापासून आठवड्यातले निम्मे दिवस माझे. निखाऱ्यांऐवजी झाकणावर तापलेला तवा, एवढाच फरक.

आता पंकजा घरी येण्याआधीचं सांगतो. सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही.

दिवेलागणीला बायडाबाई ओट्यापाशी आल्या. घरात एकट्याच. त्यांनी फ्रिजच्या दारातून इन्सुलिनचं पेन काढलं, रोजच्यासारखी पोटाला सुई टोचली आणि मनात आकडे मोजले. हा त्यांच्या हाताचा सरावच झालाय. सुई घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, हे डॉक्टरांनी त्यांना आणि पंकजाला समोरासमोर बसवून सांगितलेलं.

तेवढ्यात जिन्यातून शेजारच्या कडूबाईंची हाक आली. "बायडे, चल की! आरतीला उभं ऱ्हायला जागा घावायची न्हाई."

बायडाबाईंनी हातातल्या पेनाकडं बघितलं. आज संकष्टी. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"आगं बया! मी तर सुई टोचून बसले."

"मग?"

"मग काय? खावं लागतंय ना लगीच."

कडूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दिवस काढला आन् आता चंद्रापुरतं थांबवंना व्हय तुला? पोराला कायम करायचंय का न्हाई?"

दुखरी नस तीच होती. अजिनाथ कंपनीत अजून ठेकेदाराकडून आहे. तो कायम होईपर्यंत चतुर्थी धरीन, असं बायडाबाई बोलून बसल्यात. पंकजानं मागं एकदा हात जोडून उपास सोडायला लावला, तेव्हा "सोडला गं बाई" म्हणाल्या, आणि दर महिन्याला लपून धरत राहिल्या. त्या दिवशी रात्रीची सुई चंद्रानंतरच. भाकरी गाईला जायची. आज मात्र गाय दारावर आली नव्हती.

त्यांचा हात साखरेच्या डब्यापर्यंत गेला. मी पाहिलं. साखर तर उपासालाही चालते. पण कडूबाई "चल गं" म्हणाल्या आणि हात मागं आला.

"पंकजीला नको सांगूस. ती कालवा करंल."

पेन पिठाच्या डब्यामागं गेलं. सुईचं टोपण घरंगळत शेगडीखाली. दार ओढलं गेलं. आणि थोड्याच वेळात पंकजा आली, टोपल्याचं फडकं उघडलं, आणि तिचा हात थांबला.

तिनं मला शेगडीवर ठेवलं खरं, पण मन ठिकाणावर नव्हतं. भाकरी कुस्करताना तिनं पहिला फोन लावला. सासूबाईंच्या मोबाईलची रिंग वाजून वाजून थांबली. तिनं दुधी किसला, गाजर किसलं. भिजवलेली मुगाची डाळ, चिरलेली मेथी. दुसरा फोन. नाही. लसूण-मिरचीचा ठेचा दह्यात कालवला, चमचाभर बेसन घातलं. थरावर थर. मी एरवी या थरांची वाट बघतो. तळाशी भाकरी दही पिते, मधे डाळ फुगते, वर तीळ तडतडतात. आज मला ते सगळं ओझं वाटत होतं.

तिसरा फोन नवऱ्याला. अजिनाथची दुसरी पाळी. तिथं मोबाईल गेटवरच्या कप्प्यात ठेवावे लागतात, हे तिला माहीत आहे. तरी लावला. कुलूपबंद कप्प्यात तो एकटाच वाजत असणार.

या घरात पंकजाचे फोन हा थट्टेचाच विषय आहे. गॅस बंद केलाय का, कडी लावलीय का, पोचलात का. अजिनाथ म्हणतो, "तुला वाऱ्यानं दार हललं तरी चोर दिसतो." बायडाबाई म्हणतात, "हिचा फोन उचलला की माझी शुगर वाढती, न उचलला की हिची." दोघंही हसतात, तीही हसते. पण त्या हसण्यानं एक झालंय. तिचं नाव दिसलं की कुणाला घाई वाटत नाही.

आणि तिलाही आता स्वतःचा भरवसा वाटत नाही. "उगीच करतेय मी," असं म्हणत तिनं तापलेला तवा माझ्या झाकणावर ठेवला. "शेजारी बसल्या असतील." आच बारीक करायला ती वाकली.

शेगडीखाली टोपण पडलं होतं.

ती तशीच वाकून राहिली. मग एकेक डबा सरकवायला लागली. मिठाचा, डाळीचा, पिठाचा. पिठाच्या डब्यामागं पेन सापडलं, सुई लावलेलंच.

माझ्या आत डाळ रटरटायला लागली होती. झाकण थडथडत होतं. मला वाटलं, एवढं थडथडतंय तर त्याचे शब्द का होत नाहीत?

ती दार उघडून जिन्यात धावली. "ज्योती! ए ज्योती! आत्या दिसल्या का?"

खालच्या मजल्यावरची ज्योती सावकाश बाहेर आली. "आजी? कडूबाईंसंगं देवळात गेल्या ना मघाशीच. आज चतुर्थी न्हाई का? माझापण उपास हाय."

"उपास? आत्यांचा?"

"दर टायमाला असतो की. तुला न्हाई म्हाईत?"

पंकजानं कठडा धरला. "अगं, त्यांनी सुई घेतलीय! सकाळपासून जेवल्या नाहीत आणि सुई घेतलीय!"

"बरं मग? चंद्र उगवला की जेवतीलच. तू पण ना, लई घाबरती."

"कडूबाईंचा नंबर आहे?"

"त्यांच्याकडं कुठं मोबाईल!"

पंकजा परत वर आली ती वाऱ्यासारखी. गॅस बंद. तवा खाली. मला वाटलं, आता मी इथंच राहणार. पण तिनं एका हातानं साखरेचा डबा उचलला आणि दुसऱ्या हातानं खुंटीवरचा टॉवेल ओढून माझ्याभोवती गुंडाळला. डॉक्टरांचं वाक्य ती मोठ्यानं घोकत होती, धडा विसरू नये म्हणून पोरं घोकतात तसं. "शुगर उतरली तर आधी साखर द्यायची. मग लगेच जेवण. आधी साखर, मग जेवण."

माझा चटका तिच्या मनगटाला बसला. एरवी ती किंचाळली असती. आज तिला कळलंही नाही.

पिशवीत मी, माझ्या झाकणावर साखरेचा डबा, आणि पिशवी स्कुटीच्या हुकाला. कंपन्यांच्या सुटीची वेळ. रस्ताभर मोटारसायकली, वळणावर अडकलेला कंटेनर, मागून टेम्पोचा हॉर्न. हॉर्न वाजला की दरवेळी तिचे गुडघे पिशवीवर आवळायचे. मी एवढंच करू शकत होतो, आतली वाफ सोडायची नाही. अर्धीकच्ची डाळ माझ्याच उष्णतेवर शिजवायची. जाड बुड असल्याचा मला जन्मात एवढा उपयोग कधी वाटला नव्हता.

देवळात आरती होऊन गेली होती. पायऱ्यांवर चपलांचे दोनच जोड. पुजारी ताटं आवरत होते.

"काका, बायका कुठं गेल्या?"

"चंद्र बघायला. इथून बिल्डिंगी आड येत्यात ना. कुणी मैदानात गेल्या, कुणी पुलाकडं."

"एक म्हातारी बाई, हिरवं लुगडं, जाड चष्मा..."

"सगळ्या हिरव्यातच असत्यात गं पोरी."

मैदान एकीकडं, पूल दुसरीकडं. ती स्कुटीवर बसली, उतरली, पुन्हा बसली. एका बाजूला गेलं आणि त्या दुसरीकडंच असल्या तर? दिवसभराचं उपाशी पोट, त्यात औषध आपलं काम करत चाललेलं. औषधाला चतुर्थी कळत नाही.

तिनं पुन्हा फोन लावला.

मी आत्ता इथं आहे, या पिशवीत, देवळासमोरच्या खांबाखाली. माझं बूड अजून गरम आहे, कडा कोमट व्हायला लागल्यात. मी फार माणसं जेवू घातली. फडावरची थकलेली, पाहुणी आलेली, रुसून बसलेली. मला एवढं कळलंय की घरात एखादं माणूस सारखं घाबरतं, ते आपल्या सगळ्यांच्या वाटणीचं घाबरत असतं. त्याला हसा हवं तर, मीही हसलोय. पण त्याचा फोन उचला. हात जोडायला मला हात नाहीत, दोन कान आहेत आणि त्यातल्या एकाला पोचा. त्या कानांची शपथ घालतो, उचला.

रिंग जातेय. पंकजाचे ओठ नुसते हलतायत. आधी साखर, मग जेवण.

रिंग जातेय.

रिंग थांबली.

"आत्या?" पंकजा ओरडली. "आत्या, ऐकताय का? बोला ना!"

पलीकडं आधी नुसता श्वास. मग गाडी गेल्याचा आवाज. मग बायडाबाई, पण आवाज लांबून आल्यासारखा, जीभ जड झालेली.

"पंकजे... पुलापशी बसलेय गं. घाम सुटलाय. हात लई कापत्यात. कडू पानी आनाया गेलीय."

"मी आलेच! साखर आणलीय, आत्या. खाल ना? चंद्र उगवला नसेल तरी खाल ना?"

पंकजानं स्कुटीची चावी फिरवली.

"चंद्राचं ऱ्हाऊ दे, खाते," बायडाबाई म्हणाल्या. "तू ये."