गुऱ्हाळावरचा रिवाज

बाबूलाल गुळव्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती एका गुळाच्या खड्यापायी. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हातानं धाडायचं नाही, मग तो वाटसरू असो की भिकारी, हा बारामतीच्या कालव्याकाठचा रिवाज. पण सन पस्तीसच्या हंगामात मालक मोहनराव पुण्याला कसलीशी सभा ऐकून आले, ते पोरांना वाचनाची गोडी लावायचं खूळ घेऊनच. गुऱ्हाळावर येऊन जो पुस्तकातलं पान घडाघडा वाचेल, त्यालाच गूळ! अहो, गोडी लावायचीच तर बत्तासे आणून वाटा की. हक्काचा गूळ अडवायचा नि त्यालाच बक्षीस म्हणायचं, हे कुठलं शहाणपण?

चरकावर बैल हाकणाऱ्या कुंडलिकची रतन रोज दिवेलागणीला चुलवणाच्या उजेडात बसून बाबूलालला धडा वाचून दाखवायची. बोलताना अडखळायची, पण धडा अर्धा कधी सोडायची नाही. तीही रांगेत उभी राहिली. पहिल्याच शब्दाला अडली. पोरं फिदीफिदी हसली.

"उद्या तयारी करून ये, मग गूळ," मोहनराव म्हणाले.

पोर रिकाम्या हातानं गेली. संध्याकाळी चुलवणाकडं फिरकलीसुद्धा नाही. पुस्तक उतरंडीमागं फेकून दिलंय, असं कुंडलिकनं सांगितलं तेव्हा बाबूलालला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पाक तयार झाला. गडी चुलवणावरच्या भल्यामोठ्या काहिलीच्या कड्यांत दांडे घालून उभे. पण पाक पारखणाऱ्या गुळव्यानं 'हूं' म्हटल्याशिवाय काहील उतरत नाही, आणि बाबूलाल हाताची घडी घालून गप्प.

"अरे, उतरव की! करपेल सगळं!" मोहनरावांनी घाई केली.

"करपू द्या. आधी रतनला बोलवा, तिचा गूळ तिला द्या."

"पान वाचलं तर देईन. नियम म्हणजे नियम."

"कसला नियम? माज्या बापानं हितं चोराचिलटास्नीबी गूळ दिला, कुणाला वाचाया न्हाय लावलं! पोरगी पुस्तकाला लागली हुती मालक, तुमी तिचं पुस्तक सोडवलंत!"

कुंडलिक धावत जाऊन लेकीला घेऊन आला. पुस्तक छातीशी धरून ती काहिलीपुढं उभी राहिली. "क... क..." करपट वास सुटला.

"वाच लवकर!" मोहनराव ओरडले.

"वाचू नगंस!" बाबूलाल कडाडला आणि गड्यांना 'हूं' म्हणाला.

काहील उतरली, पण निवून घट्ट झालेला गूळ काळाठिक्कर पडला होता. जन्मात त्याच्या हातून असा गूळ झाला नव्हता. त्यातलाच एक खडा पाचटावर घेऊन त्यानं रतनच्या हातावर ठेवला. "खा. वाचलंस म्हणून न्हवं, आलीस म्हणून."

मोहनरावांनी त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. पटका झटकून, शिव्या घालीत त्यानं कालव्याची वाट धरली. मागून पावलं वाजली. रतन होती. बोटं गुळानं चिकट झालेली, तशीच तिनं पुस्तक उघडलं.

"च-चाचा, क-कालचा धडा ऱ्हायला."

बाबूलाल बांधावर बसला. राग काही उतरला नव्हता. पण पान संपेस्तोवर तो जागचा हलला नाही.